जप्त मांगराखालचे पाट

प्रति,
मेहेरबान सेक्रेटरीसाहेब,
सॅनिटरी कमिटी, बंदर कातळवेळ,
तालुका व जिल्हा रत्नागिरी.

अर्जदार : भागोजी रामा मेस्त्री, धंदा गणपती घडविणे, राहणार खालची आळी, बंदर कातळवेळ.

विषय : परसात मांगर बांधून शाळेतील जागा मोकळी करण्याबाबत, तसेच तोच मांगर जप्त होऊन त्याच शाळेत आणून ठेवल्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे चैत्रापासूनचे सर्व अर्ज, व त्यांवर आपल्या कचेरीचे "विचार चालू आहे" हे उत्तर.

मेहेरबान महोदय,

१. अर्जदार सविनय कळवितो की, खालच्या आळीत अर्जदाराची गणपतीची शाळा आहे. आपण घाटावरून नवीन आला आहात, म्हणून खुलासा करतो. शाळा म्हणजे जिथे गणपती घडवितात ती जागा. आमच्याकडे मूर्ती बाजारात मांडून विकण्याची चाल नाही. प्रत्येक घर आपापला पाट शाळेत आणून देते. त्यावर विडासुपारी ठेवली म्हणजे पाट घेतला असे झाले. मग त्या घरचा देव त्याच पाटावर बसायचा, दुसऱ्या पाटावर नाही. आणि एकदा घेतलेला पाट शाळेतून रिकामा परत जात नाही. घरात सुतक येवो, कर्ता माणूस जावो, पाट रिकामा जात नाही. हे आपल्या कायद्याच्या बुकात नसेल, पण कातळवेळात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

२. सदर शाळा म्हणजे घराची एक पडवी. तीत चिकणमातीचा ढीग, साचे, रंगाची मडकी, फळकुटे, पावसाळ्याचे जळण आणि वडिलांच्या वेळचे काय काय सामान भरलेले. गेल्या साली पाट ठेवायला जागा नव्हती म्हणून अर्जदाराने काही गणपती माजघरात सुकविले, आणि अर्जदाराचे कुटुंब मथुरा हिने पूर्ण श्रावण चुलीपाशी मुटकुळे करून झोप काढली. तेव्हा तिनेच सुचविले की परसात एक मांगर घाला, हा पसारा त्यात टाका, आणि माणसांना व देवांना पाय पसरू द्या. मांगर म्हणजे चार मेढी, वर वासे आणि झावळ्या. त्यात चूल नाही, गुरे नाहीत, कोणी राहणार नाही. एवढ्याचीच परवानगी चैत्रात मागितली होती.

३. त्यावर नकाशा मागविण्यात आला. अर्जदाराचा हात रंगाचा, म्हणून अर्जदाराने नकाशा मन लावून काढला. विहीर निळी, माड हिरवे, मांगर पिवळा. विहिरीच्या कडेला रिकामे दिसू लागले म्हणून तेथे एक कोंबडी काढली. नकाशा परत आला. शेरा असा की, नकाशात कोंबडी दाखविली असल्याने सदर बांधकाम खुराडे समजावे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. खुलासा केला. मग कोंबडी खोडून नवा नकाशा दिला. त्यावर शेरा आला की, पहिल्या नकाशातील कोंबडी दुसऱ्या नकाशात का नाही. आता काय सांगावे साहेब! ती कोंबडी अर्जदाराकडे नव्हतीच कधी.

४. या सगळ्यात वैशाख आला. मांगर पावसाआधी व्हायला हवा. अक्षय्य तृतीयेसारखा मुहूर्त हातचा घालवू नये असे वाटून अर्जदाराने परसात मुहूर्तमेढ रोवली. तिला आंब्याचा टाळा आणि असोला नारळ बांधला, हळदकुंकू लावले, नमस्कार केला. बांधकाम केले नाही. वासे, बांबू आणि झावळ्या आणून बाजूला नुसत्या रचून ठेवल्या. मुहूर्तमेढ हे बांधकाम होते असे आमच्या बापजाद्यांच्या स्वप्नातही आले नसते. ती देवाला सांगण्यासाठी असते की आम्ही करणार आहोत. पण आपले ओव्हरशियरसाहेब त्या वाटेने गेले आणि त्यांनी पाहिले की परवाना नसताना जमिनीत खांब उभा आहे. अर्जदाराने हात जोडून सांगितले की ही मेढ काम पुरे होईपर्यंत उपटता येत नाही. ते म्हणाले, "मग काम सुरू झाले आहे हे तू कबूल करतोस." त्यांनी तसे लिहून घेतले.

५. नोटीस यायला आषाढ उजाडला, आणि जप्ती आली ती श्रावणाच्या तोंडावर, धो धो पावसात. मेढ उपटली. वासे, बांबू, कुजायला लागलेल्या झावळ्या, सगळे सरकारजमा झाले. येथवर अर्जदाराचे काही म्हणणे नाही. कायदा तो कायदा. परंतु आपल्या कचेरीत माल ठेवायला जागा नाही, म्हणून ओव्हरशियरसाहेबांनी सर्व मुद्देमाल अर्जदाराच्याच ताब्यात सुपूर्दनामा लिहून दिला, आणि उघड्यावर भिजेल म्हणून तो शाळेत आणून रचला. दोरखंडाने बांधला. गाठींवर लाखेच्या मोहरा केल्या. त्यास हात लावल्यास फौजदारी होईल अशी समज दिली. म्हणजे असे झाले की, शाळेतला पसारा ज्या मांगरात जायचा, तो मांगरच शाळेत येऊन बसला. आळीतले लोक बघायला येऊन गेले. मथुरा म्हणाली, "आता या मांगरासाठी एक मांगर घाला."

६. ती थट्टेने म्हणाली. परंतु अर्जदाराने जागेबद्दल तक्रार केली तेव्हा आपल्या कचेरीतून लेखी उत्तर आले ते हेच. "मुद्देमालामुळे अडचण होत असल्यास अर्जदाराने तो ठेवण्यासाठी आपल्या परसात योग्य निवारा स्वखर्चाने करावा. मात्र त्यासाठी रीतसर परवाना घ्यावा." मी पुन्हा नकाशा काढला. या खेपेला रंग दिला नाही. त्यावर विचार चालू आहे.

७. आता मुख्य गोष्ट लिहितो, जी आजवर कोणत्याही अर्जात लिहिली नाही.

शाळेच्या ईशान्य कोपऱ्यात अर्जदाराच्या स्वतःच्या घरचा पाट असतो. फणसाचा आहे, आजोबांच्या वेळचा. दर साली पहिला पाट तो मांडायचा, आणि बाहेरून जो पहिला येईल तो त्यावर ठेवायचा, असा आमच्या शाळेचा रिवाज. या साली पहिला पाट आषाढातच आला. आपल्या कचेरीचा शिपाई धाकू तो छत्रीखाली धरून घेऊन आला, आणि त्याच्या मागून आपल्या घरच्या बाईसाहेब स्वतः आल्या. त्यांनी सांगितले की, सासरी साताऱ्याला देव थोरल्यांकडे असतो, हे आमचे पहिलेच वेगळे बिऱ्हाड, आणि इकडची चाल कळली म्हणून मी पाट मुद्दाम नवा करवून घेतला. पाटाला रंग होता, चारी कोपऱ्यांना फुले होती. त्या म्हणाल्या, "डोळे तेवढे मायेचे काढा हो मेस्त्री. मोठे नकोत, मायेचे." मी विडा ठेवला. पाट घेतला.

जप्तीच्या दिवशी ओव्हरशियरसाहेबांच्या माणसांनी बांबू टाकले ते नेमके त्या कोपऱ्यात. मी ओरडलो की खाली पाट आहेत, दोन पाट आहेत, आधी ते काढू द्या. ओव्हरशियरसाहेब पंचनामा लिहीत होते. त्यांनी वर न पाहता सांगितले की, पंचनाम्यात पाट नाहीत, सबब खाली पाट नाहीत. मग मोहोर झाली. लाखेची कांडी धाकूच्याच हातात होती. वरिष्ठांपुढे तो काय बोलणार!

८. हे मी तेव्हाच का लिहिले नाही असे आपण विचाराल. साहेबांच्या घरचा पाट पुढे करून भागोजीने आपले काम साधले असे आळीत कोणी म्हणू नये, म्हणून लिहिले नाही. मला वाटले, माझा अर्ज माझ्या पायांवर उभा राहील. एखादा तरी राहील. मथुरा रोज सांगत होती की, "जाऊन बाईंच्या कानावर घाला, एका शब्दाचे काम आहे." मी तिच्यावर खेकसलो. ताठा माझा. भोगतो आहे.

९. नागपंचमीला बाकीच्या घरांचे पाट आले. नाही कुणाला म्हणायचे? सगळे घेतले, विडे ठेवले, आणि मग बघतो तर बसून माती मळायलाही जागा नाही. पडवीच्या तोंडाशी ठेवले तर पावसाची झड येते. ओल्या मातीचे सोंड-कान गळून पडू लागले. शेवटी मी खाडीपलीकडच्या विठू चिताऱ्याचे पाय धरले. एकेका पाटावर मातीचा एकेक गोळा ठेवला, कारण रिकामा पाट आमच्या शाळेतून जात नाही, आणि होडीतून सगळे पाट त्याच्या शाळेत पोचविले. माझी सगळी माती त्यातच गेली. माझ्या हाताने या साली एकही गणपती झाला नाही. विठू भला माणूस, त्याने सगळे केले. लोक आता होडीतून आपापले देव आणीत आहेत. पुढच्या साली ते पाट थेट पलीकडेच नेतील. मीही तेच केले असते, त्यांना बोल नाही.

१०. मुद्देमालाच्या स्थितीबद्दल कळविणे माझे कर्तव्य आहे म्हणून कळवितो. बांबूंना वाळवी लागली आहे. कान लावला की ऐकू येते. मेढीला बांधलेल्या नारळाला ओलीने कोंब फुटला असून तो मोहरेच्या दोरखंडातून वर आला आहे. पंचनाम्यात "नारळ एक" असे आहे, माड असे नाही. तरी मुद्देमालात झालेल्या या वाढीस अर्जदार जबाबदार धरला जाऊ नये. वाळवी पाटांपर्यंत गेली किंवा नाही हे सांगता येत नाही, कारण पाट तेथे नाहीत असे सरकारचे म्हणणे आहे.

११. आज हरतालिका. घराघरांत देव आणण्याचा दिवस. सकाळी धाकू देवावर घालायचे तांबडे फडके घेऊन माझ्या अंगणात आला. बाईसाहेबांनी फडके स्वतः धुवून, घडी करून दिले होते. तो आत आला, त्याने ढीग पाहिला, मोहोर पाहिली, आणि पाट अजून त्याखालीच आहे हे त्याला कळले. तो फडके छातीशी धरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "भागोजीदादा, बाय उपाशी हाय आज. तिला काय सांगू मी?" महोदय, मी चैत्रापासून आपल्याला इतके लिहिले, आता याला पायरीवर बसवून हे शेवटचे लिहितो आहे.

१२. सबब अर्जदाराचे मागणे पूर्वीचे राहिलेले नाही. मांगराची परवानगी नको. मोहोर आता तोडू नये. उद्या चतुर्थी आहे, आणि माती एका रात्रीत सुकत नाही. आज मोहोर तोडली तर नुसते दोन रिकामे पाट बाहेर येतील, आणि ते बाईसाहेबांनी बघू नयेत असे मला वाटते. दुसऱ्या पाटावर देव करून द्यावा तर तो त्यांच्या घरचा होत नाही. उद्या कातळवेळात दोनच घरी गणपती नाही, एक आपले आणि एक माझे. मथुरेने सवयीने देवापुढची जागा सारवून रांगोळी घातली, मग तिच्या लक्षात आले. तिने ती पुसली नाही.

एवढेच करावे की, बाईसाहेबांना आपण स्वतः सांगावे. धाकूला सांगायला लावू नये. मला ते जमत नाही. आणि मेस्त्र्याने डोळे मनात काढून ठेवले होते, मायेचे, तेही सांगावे.

त्यांचे फडके आमच्या शाळेतून रिकामे परत जाऊ नये म्हणून ढिगाच्या कडेला सांडलेली माती खरवडून तिचा एक गोळा करून दिला आहे. मूर्ती नाही. नुसत्या मातीला हात जोडले तरी पोचतात असे आमचे वडील म्हणत. दोन गोळ्यांइतकी माती निघाली नाही.

आपला नम्र, आणि यापुढे अर्ज न करणारा,

भागोजी रामा मेस्त्री
(दस्तुर खुद्द)

बंदर कातळवेळ,
भाद्रपद शुद्ध ३, शके १८५१, सन १९२९.

सोबत :
(१) सुपूर्दनाम्याची नक्कल.
(२) नकाशा, कोंबडीशिवाय.
(३) मातीचा गोळा, ओला, केळीच्या पानात, वरून बाईसाहेबांचे फडके. हा दप्तरी लावू नये, घरी न्यावा.