दोन हाका

१७ मार्च, सोमवार

रीनाला बोलावणं आलं. मोबाईलवरच आलं. सत्तावीस तारखेला गडचिरोलीला मुलाखत — अग्निशामक, कंत्राटी. धावणं झालं, शिडी चढणं झालं, लेखी झाली. आता फक्त तोंडी राहिली. तोंडीच वाईट. लेखीत चुकलं तर खोडता येतं.

माझी बायको सोनीबाई मोह वेचून आली. टोपली खाली ठेवता ठेवता विचारते, "जागा चार. अन् पोरी किती?"

"पोरी म्हंजे आमी दोघीच, आजी."

"मंग तुमच्यासाठी येगळी आग लावतीन का? लहान?"

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. सुनिल वणव्यात गेला त्याला या चैतात नऊ वर्षं होतील. माझा एकुलता मुलगा. आणि त्याची पोर आता आगीकडेच नोकरी मागायला चालली. तिची आई कांता तापानं आधीच गेली होती, नाहीतर तिनं तरी अडवलं असतं.

मी अडवत नाही. मी नुसता बसून घाबरतो.

१८ मार्च, मंगळवार

रीना म्हणाली, "आबाजी, तुमी साहेब व्हा. मले प्रश्न इचारा." मी चौथी शिकलो. साहेब कसा होऊ? तरी बाजेवर ताठ बसलो, चष्मा घातला.

नाव विचारलं. शिक्षण विचारलं. बारावी, नंतर नागपूरला सहा महिन्यांचा कोर्स. मग तिनंच सांगितलं, वणवा कशानं लागतो ते विचारा. विचारलं. ती धडाधड बोलली — मोहाखालचा पाला जाळतात म्हणून लागतो, खालची जागा साफ झाली की फुलं दिसतात, वेचायला सोपं जातं, पण विस्तव कोणी नीट विझवत नाही.

मी म्हटलं, हे नको सांगू. साहेब म्हणेल, म्हणजे तुमचेच लोक लावतात.

"लावतेतच तं," ती म्हणाली.

पोरीला भीती कशी नाही?

शेवटी विचारलं, या नोकरीत काऊन यायचं आहे? यावर ती पुस्तकातलं बोलली, समाजाची सेवा वगैरे. ऐकूनच कळत होतं की पाठ केलंय. मी म्हटलं, खरं काय ते सांग. ती म्हणाली, "तिथंच सांगीन."

हा प्रश्न तिला बुडवणार.

१९ मार्च, बुधवार

भर दुपारी हाक आली. रानाकडून. "बा" — एकदाच.

सुनिल गेल्यापासून दर वर्षी मोह गळायला लागला की येते. सोनीबाई सूप पाखडत होती. तिचा हात थांबला. म्हणजे तिलाही आली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मी दुसरीची वाट पाहिली, तिसरीची पाहिली. आली नाही. मी ओ दिली नाही.

२० मार्च, गुरुवार

आज रीनानं तमाशा केला. गावामागच्या उतारावर उभी राहून रानाकडे तोंड करून ओरडत होती, "कोनी आहे का? आवाज द्या!" मग थांबायची. कान द्यायची. परत ओरडायची. कोर्समध्ये असंच शिकवलंय म्हणे. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो, कानांनी माणूस शोधायचा.

दुकानात लच्छू मला म्हणाला, "काय शावनभाऊ, तुमची बंबवाली कोनाले बलावून राह्यली? आलं एखादं उठून तं ठेवसान कुठी?" दुकानातले सगळे हसले.

सोनीबाई हसली नाही. ती धावत गेली आणि पोरीला हाताला धरून घेऊन आली. या बाबतीत ती फार कडक आहे. आमच्याकडे नाव घेऊन हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. रानातलं जे काही असतं ते दोनदाच हाक मारतं. तिसरी मारता येते ती फक्त माणसाला. मी हे माझ्या आईकडून शिकलो, सुनिल सोनीबाईकडून शिकला. घरातल्या घरातसुद्धा तो तिसरीलाच ओ द्यायचा. जेवायला बोलवून बोलवून कांताचा जीव जायचा.

रीना तशी नाही. ती पहिल्याच हाकेला ओ देते. लहानपणी नव्हती अशी. बाप गेल्यापासूनच. सोनीबाईनं किती बोलून पाहिलं.

मी आपलं मन समजावलं — बरंच आहे. मुलाखतीला शिपाई नाव पुकारेल आणि ही तिसरीची वाट पाहत बसली तर? नंबर जायचा.

२२ मार्च, शनिवार

लिहू की नको, असं दिवसभर चाललंय.

धनराज आला होता. सुनिलच्या बरोबर वनखात्यात हंगामी आगराखण्या होता, आता खात्याची गाडी चालवतो. मूळचा कोरपन्याकडचा. सुनिल गेला त्या दिवशी हाही वणव्यात होता. दर वर्षी मोहाच्या दिवसांत येऊन जातो, चहा पितो, फार बोलत नाही. आज मीच त्याला बोलावलं होतं, रीनाला प्रश्न विचारायला. त्यानं पाईपाचे विचारले, शिडीचे विचारले. ती सगळं बरोबर सांगत होती. तो खूश होता. म्हणाला, "पोरगी मले शिकवन आता."

मग विचारलं, "धुरात मानूस अडकला. तू हाक मारली. ओ आली नाई. मंग?"

"थांबीन. आयकीन. परत मारीन."

"किती येळा?"

"ओ येईपर्यंत, काका."

धनराजनं चहाची कपबशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "आमी दोनदा मारली होती. तुह्या बापाले. सुनिलभाऊ, सुनिलभाऊ. ओ नाई आली तं वाटलं तिकडं नाईच तो. हवा फिरली होती, आमाले वरच्या अंगानं पळा लागलं."

चहा तसाच ठेवून तो गेला.

दोनदा.

मी त्या दिवशी धानोऱ्याच्या बाजाराला गेलो होतो. संध्याकाळी परत आलो तर अंगणात माणसं. लोकांनी मला एवढंच सांगितलं होतं की खूप शोधलं, खूप हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी तो नाल्याच्या अलीकडे सापडला, सोनीबाई आणि गावातल्या बायका पोरांना घेऊन उभ्या होत्या तिथून हाकेच्या अंतरावर. सगळे म्हणाले, ओ का दिली नाही समजत नाही. धुरानं आधीच पडला असेल.

आज समजलं. तो पडला नव्हता. तो तिसरीची वाट पाहत होता.

धनराजला हे माहीत नाही. कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्याजवळ वाढलेला माणूस, त्याला आमच्या हाकांचं काय माहीत? त्याला सांगितलं तर तो जगेल कसा? आणि सोनीबाईला सांगितलं तर? तिनंच शिकवलं होतं पोराला.

२३ मार्च, रविवार

जेवण गेलं नाही. सोनीबाई म्हणाली, "काय झालं? धनराज काय बोलला?" मी म्हटलं, पाईपाचं बोलला.

तिनं माझं ताट उचलून झाकून ठेवलं.

२४ मार्च, सोमवार

नाल्यावर जाऊन आलो. सकाळीच, माणसांची ये-जा असते तेव्हा. मोहाखाली पुन्हा पाला जाळलेला दिसला, काळे गोल गोल. माणसं शिकत नाहीत. तो सापडला ती जागा आता ओळखू येत नाही, तेंदूची रोपं वाढली आहेत.

उभा राहिलो. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्याचं नाव घेतलं. एकदा. दोनदा. मग तिसऱ्यांदा.

एक मोर उडाला, बाकी काही नाही.

परत येताना मागं वळून पाहिलं नाही. मी हे काय करून आलो? कोणी येऊन उभं राहिलं असतं म्हणजे?

२५ मार्च, मंगळवार

रीनाला म्हटलं, नको जाऊ.

ती बूट पुसत होती. "काऊन? कारन सांगा, आबाजी."

कारण कसं सांगू? तुझ्या बापाला आम्हीच असं वाढवलं की तो मदतीच्या हाकेलाही घाबरला, हे सांगू? मी म्हटलं, घरात आधीच एक गेला. ती म्हणाली, "म्हनूनच तं." आणि पुन्हा बूट पुसायला लागली. बूट स्वच्छ होते. तरी पुसत होती.

नऊ वर्षं मला वाटायचं, धुरानं मारला. धुराला दोष देता येतो. आता कुणाला देऊ? माझ्या आईला? ती जाऊन किती काळ झाला.

२६ मार्च, बुधवार

पेनठाण्यावर देवापुढं नारळ ठेवून आलो. आमच्या देवाला अग्निशामक म्हणजे काय ते कसं सांगायचं कळेना, म्हणून नुसतं पोरीचं नाव घेतलं.

आधार कार्ड, कोर्सचा दाखला, फोटो, सगळं पिशवीत. तीनदा पाहिलं. पहाटेची एसटी येते की नाही कोण जाणे. मागच्या आठवड्यात आली नव्हती.

दुपारी हाक आली. एकच. सोनीबाई आत निघून गेली, कानावर पदर घेऊन.

२७ मार्च, गुरुवार

एसटी आली. मी बरोबर गेलो. रीना नको म्हणत होती, पण मी आधीच चढून बसलो होतो.

ऑफिसबाहेर पोरांची रांग. सगळी धिप्पाड. एक जण मला म्हणाला, "आजोबा, तुमीबी उमेदवार का?" मी म्हटलं, हो, शिडी धरायला. जरा बरं वाटलं.

शिपाई बाहेर आला. "रीना सुनिल मडावी." एकदाच म्हणाला. तोंडातून नाव पुरतं निघायच्या आधी ती "हजर" म्हणून उठली. सुनिलचं नाव साहेबाच्या दारात कोणीतरी मोठ्यानं घेतलं आणि लगेच ओ आली.

बाकीची पोरं भराभर आत-बाहेर होत होती. ही येईना. मी शिपायाला विचारलं, काही चुकलं का? तो म्हणाला, "बसा ना बाबा, चुकलं असतं तर लवकर आली असती." मग साहेबांनी त्यालाच आत पाणी आणायला सांगितलं. पाणी कशाला? पाणी रडणाऱ्या माणसाला देतात. माझं मन पार खाली गेलं.

ती बाहेर आली. डोळे लाल होते पण चाल सरळ. मागून एक साहेब दारापर्यंत आले, त्यांनी मला नमस्कार केला. मला! मी गोंधळून उठलो, पिशवी पडली, दाखले सगळीकडे.

बसमध्ये विचारलं, काय काय विचारलं?

"पाईप. शिडी. वनवा. पाल्याचं पन सांगतलं."

आणि काऊन यायचं ते?

"इचारलं."

मग?

"सांगतलं." खिडकीकडे तोंड फिरवलं.

मला वाटतं गेली नोकरी. साहेब लोक नोकरी द्यायची नसली की नमस्कार करतात.

२८ मार्च, शुक्रवार

निकाल नाही. रीना मोबाईल बघत नाही, मीच बघायला लावतो. लच्छू म्हणाला, "बंब कुठवर आला?"

धनराजचा फोन आला होता. मी उचलला नाही. त्याच्याशी काय बोलू? माझ्याजवळ त्याच्या कामाची एकच गोष्ट आहे आणि ती मला त्याला द्यायची नाही.

२९ मार्च, शनिवार

लागली!

चौघांत नाव आहे. दुसरं. पहिल्या तारखेपासून हजर व्हायचं. रीना रडली, मी रडलो. सोनीबाईनं मोहाची भाकर केली, गूळ काढला. पण ती स्वतः जेवायला बसली नाही. मी म्हटलं, भीती मलाही आहे. ती म्हणाली, "तुमाले कायची भीती?" असं का म्हणाली कोण जाणे.

३० मार्च, रविवार

रीना बॅग भरत होती. मी परत विचारलं, आता तरी सांग, साहेबांना काय सांगितलंस. सोनीबाई चुलीपाशी होती.

रीना म्हणाली, "बाबानं ओ देल्ली होती, आबाजी. पयल्याच हाकेले. धनराजकाका अन् ते मानसं वरच्या अंगाले होते, त्यायले गेली नाई. मी नाल्यापाशी होती, मले साफ आयकू आली. मी तिकडं पळाले निंगाली तं आजीनं मले धरलं. माह्या तोंडावर हात ठेवला. म्हने, पयल्या हाकेले ओ देनारा तुहा बाप नोहे."

मी चुलीकडे पाहिलं. सोनीबाईनं मान वर केली नाही.