सहा तलवारींना दिलेले पाणी

प्रति,
मा. कुलसचिव,
पूर्वविदर्भ ललितकला विद्यापीठ, नागपूर.

विषय : मारोतराव लोहार, रामटेक यांना दोषमुक्त करण्याबाबत व आगामी हंगामातील तलवारी बोथट करण्याबाबत.

संदर्भ : १) चौकशी समितीचा अहवाल, दि. ४ ऑगस्ट २०२५. २) संगीतिका विभागाचे हंगामपत्रक.

महोदय,

१. अर्जदार ही कै. अनंत पांढरीपांडे यांची मुलगी. अनंतराव आपल्या विभागात गायक विद्यार्थ्यांना बावीस वर्षे रंगमंचावरची तलवारबाजी शिकवत. 'मान कापायची तं कापा, पण सम चुकवू नका गा,' असे ते मुलांना सांगत.

२. दि. १२ जुलै रोजी सकाळी 'गढीचा दरवाजा' या संगीतिकेची तालीम होती. तीत सेनापती फितुराला मारतो. बोथट पाते मानेवर टेकवून ओढायचे, अशी रीत. फितुराच्या जागी अनंतराव स्वतः उभे राहिले. सेनापती झालेल्या विक्रमने पाते ओढले. ते चार बोटे आत गेले. रक्त हार्मोनियमच्या पट्ट्यांवर उडाले. विक्रम समेपर्यंत गात राहिला, कारण त्याला तसेच शिकवले होते. बसलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. अनंतराव उठले नाहीत, तेव्हा टाळ्या थांबल्या.

३. मारोतरावांनी 'हेतुपुरस्सर' धार लावली, असे अहवाल म्हणतो. त्यांच्याविरुद्ध विद्यापीठाने पोलिसांत तक्रारही केली आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. अनंतरावांचा हात कापत असल्याने त्यांच्या चिठ्ठ्या अर्जदार लिहीत असे. त्यांनी सांगितले होते, 'मारोतराव, सहाही तलवारी चमकवून द्या.' अर्जदाराला 'चमकवून' हा शब्द कागदावर हलका वाटला. दागिन्याला सोन्याचे पाणी देतात, ते मनात धरून तिने लिहिले, 'सहाही तलवारींना पाणी द्यावे.' लोहाराच्या भट्टीपुढे पाणी देणे म्हणजे तापलेले पाते पाण्यात बुडवून टणक करणे. मारोतरावांनी तसे केले, आणि पाणी दिलेले पाते बोथट कशाला ठेवायचे म्हणून धारही लावली.

४. गेल्या आठवड्यात अर्जदार रामटेकला गेली. मारोतरावांनी डब्यातून ती चिठ्ठी काढून दिली. समितीला का दाखवली नाही, असे विचारता ते म्हणाले, 'गुरुजी तं गेले. आता त्यांच्या पोरीचं नाव काहून घेऊ?'

५. हंगामपत्रकानुसार हाच प्रयोग १४ डिसेंबरला, 'अस्सल तलवारींचा थरार' म्हणून, अनंतरावांच्या स्मृतीस अर्पण करून होणार आहे. तलवारी त्याच आहेत. धुऊन, तेल लावून भांडारात ठेवल्या आहेत. अर्जदाराने एकीवर कागद ठेवला. तो आपल्याच वजनाने दुभंगला. उद्या तिथे दुसऱ्या कुणाची मान असेल.

६. सबब विनंती की, मारोतरावांविरुद्धची तक्रार मागे घ्यावी. अहवालात 'हेतुपुरस्सर' हा शब्द खोडून त्या जागी 'चिठ्ठीतील चुकीच्या शब्दामुळे' असे लिहावे, आणि चिठ्ठी कोणी लिहिली तेही लिहावे. तलवारी मारोतरावांकडूनच बोथट करून घ्याव्यात. तोवर प्रयोग करू नये. स्मृतीस अर्पण करू नये, ही विनंती मात्र अर्जदार करीत नाही. अनंतरावांना ते आवडले असते.

आपली नम्र, व जोडपत्र १ ची लेखिका,
(सही)
अरुंधती अनंत पांढरीपांडे
बेसा, नागपूर. दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. मूळ चिठ्ठी, अर्जदाराच्या अक्षरात.
२. मारोतरावांकडे पाठवायची नवी चिठ्ठी, त्याच अक्षरात. मजकूर : 'मारोतराव, या सहा तलवारींनी लोणीसुद्धा कापलं जाऊ नये, अशा करून द्या.'