गाळलेला शब्द

इंदिरानगर, डिसेंबर १९९१
शनिवार, संध्याकाळ

कावेरीच्या पाण्यावरून शहर पेटलंय. परवा आमच्या कन्नड पेपरात बातमी मी लावली: तमिळांनी बस ड्रायव्हरला मारलं. मूळ मजकुरात ‘मारलं अंते’ असं होतं, म्हणजे आपलं ‘मारलं म्हणे’. मथळा ओळीत बसेना, म्हणून ‘अंते’ काढला. एवढंच केलं. एवढंच?

काल शेजारच्या मुरुगन अण्णांचं टेलरिंगचं दुकान जाळलं. तेव्हापासून ते आणि त्यांची बायको सेल्वी अक्का आमच्याकडेच आहेत. आणि आज दुपारी कळलं, ड्रायव्हर धडधाकट आहे, त्याला कुणी हातही लावला नव्हता.

भाजी निवडता निवडता सेल्वी अक्कांनी विचारलं, “पेपरात असलं कोण लिहितं हो?”

“मीच. ती ऐकीव गोष्ट होती. तसं सांगणारा शब्द मी काढला.”

त्यांनी भाजी बाजूला सारली. म्हणाल्या, “मग खरं काय ते उद्या छापा.”

संपादकांना फोन केला. “स्वल्प थांबा, वातावरण निवळू दे,” म्हणाले. मी राजीनाम्याचं बोलल्यावर कबूल झाले. चार ओळी, आतल्या पानावर.

अक्का त्यानंतर माझ्याशी बोललेल्या नाहीत. जायला दुसरं घर असतं, तर एव्हाना गेल्या असत्या.