विकत घेतलेला दादा

३ जानेवारी १९८८, सुर्ला

पोचलो एकदाचा! आजऱ्यातनं सकाळच्या यष्टीनं निघालो ते आंबोली घाटात दोन तास बसलो, गाडीचा पाटा तुटला म्हणून. सावंतवाडीला गाडी बदलली, डिचोलीला बदलली, आणि शेवटी एका टिपरच्या केबिनमधी बसून सुर्ल्यात उतरलो तेव्हा मी डोक्यापास्नं पायापर्यंत लाल. इथं सगळंच लाल हाय. रस्ता, झाडं, कुत्री, माणसांच्या पापण्या. खाणीचे ट्रक एकामागं एक जातात आणि माती उधळतात. मला तर रंगपंचमी आधीच आल्यासारखी वाटली.

नोकरी गुरुदासबाबच्या गॅरेजात. ट्रकचं वायरिंग, हॉर्न, दिवे. दहावीला दोनदा गचकलो पण वायर बघितली की मला सगळं कळतं. ही डायरी त्यांनीच दिली. टायरवाल्यांनी फुकट वाटलेली, त्यांच्याकडं चार आल्यात.

खोली पद्मावतीबायच्या घरामागं. बाई एकटी, वय आईएवढं, बोलायला कमी. खोलीला एक जनेल, म्हणजे खिडकी. इथं खिडकीला जनेल म्हणतात, खुर्चीला कदेल आणि पेल्याला कोप. शिकंन.

गुरुदासबाबला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, २६ फेब्रुवारीला माझ्या बहिणीचं, नंदाचं लग्न हाय, चार दिवस सुट्टी लागंल. थोरला भाऊ मी. थोरला काय, एकुलताच. बाप न्हाई. नवऱ्याचा कान पिळायचा मान माझा. नवरा सुधीर, शाळेत माझ्या पुढच्या बाकावर होता, मास्तरांकडं माझ्या चुगल्या करायचा. तीन वर्षांचं उट्टं त्या एका कानावर काढणार हाय. आत्तापास्नं पकडीनं बोटांचा सराव चालू हाय.

१० जानेवारी

आज एक काम केलं. एका टिपरचा हॉर्न असा जोडला की दाबला की म्हैस ओरडल्यासारखा आवाज. ड्रायव्हर गेटवर गेला, दाबला, समोरची खरी म्हैस थांबून मागं बघायला लागली. गुरुदासबाब म्हणाले, पिशें लागलां मरे तुका, म्हणजे येडा झालास. पण हसले.

हसले आणि आपापल्या घरी गेले. हेच हाय इथं. सहा वाजले की प्रत्येकाला घर हाय. चहाच्या गाड्यावर गोव्याचं राज्य झाल्यावर काय बदललं, कोकणी का मराठी, यावरनं कपबश्या आपटेपर्यंत भांडतात. मी मधी तोंड घातलं की सगळे गप्प होऊन बघतात. वाईट बोलत न्हाईत. तू घाटावरचा, तुला काय त्याचं, एवढंच. आठ दिवसांत मला नावानं कुणी हाक मारली न्हाई. गावात माझ्या नावानं सकाळपास्नं बोंब असायची, केरब्यानं मिसरीची डबी लपवली, केरब्यानं कोंबडी रंगवली. आईची मिसरीची डबी मी रोज लपवायचो. ती न शोधताच ओरडायची, केरबा, काढ बघू डबी.

आज खोलीत मी मलाच हाक मारून बघितली. बरं न्हाई वाटलं.

१७ जानेवारी, रविवार

डिचोलीच्या बाजारात गेलो. देवळाच्या बाजूला गोकुळदासचा फोटो स्टुडिओ हाय. आत गेलो ते गंमत म्हणून, पण भिंती बघत राहिलो. लग्नाबिग्नाचे फोटो न्हाईत. नुसती तोंडं. एकेक तोंड दोन-दोन हात उंच, काळं-पांढरं, जाड कागदावर, चकाकी अजिबात न्हाई. पाव विकणारा, मासळीवाली, खाणीवरची बाई. सुरकुतीत बोट घालावं असं.

गोकुळदास म्हातारा, बोटं औषधानं पिवळी. म्हणाला ही कला हाय, फाइन आर्ट, स्वतः अंधाऱ्या खोलीत एकेक प्रत धुऊन काढतो. कळंगुटला गोरे लोक येतात ते घेतात. मी इचारलं, अनोळखी माणसाचा फोटो घरात लावून करतात काय? तो म्हणाला, बघतात.

कोपऱ्यात एक मात्र आख्ख्या माणसाचा होता. तिशीचा माणूस, खुर्चीत बसलेला, खुर्चीचा डावा हात मोडका. पांढरा शर्ट, वरनं दुसरं बटण न्हाई. हात गुडघ्यावर. बघतोय असा की आत्ताच कुणीतरी त्याला हाक मारणार हाय. गोकुळदास म्हणाला, दोन वर्षांमागं हा उन्हातनं येऊन दुकानात टेकला, चेहरा आवडला म्हणून काढला. प्रत पाठवतो, पत्ता सांग म्हटलं, तर हसला. माका कोण ना, म्हणाला. कुणीच न्हाई. पुन्हा दिसला न्हाई.

पगारातले पंचवीस देऊन घेतला. चौकटीसकट. का घेतला ते नका इचारू. खोलीत भिंतीला कुणीतरी असावं.

१८ जानेवारी

पद्मावतीबाय पाणी द्यायला आली, फोटो बघितला. कोण रे हो? म्हणजे हा कोण. मला वाईट खोड. तोंडातनं गेलंच, माझा दादा. नाव इचारलं तर सुचंना, म्हटलं आम्ही दादाच म्हणतो. खंय आसा तो, म्हणजे कुठं हाय? आता काय सांगू! म्हटलं, वारला. मागच्या साली.

बाई दारातच खाली बसली. आनी तूं एकलोच, म्हणाली. माझ्या डोक्यावर हात फिरवला. मग आपल्या मेजावर बसवून उंडो, म्हणजे इथला पाव, आणि कालवण वाढलं. पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी समोर बसून जेवलो. पोट दुखंस्तवर हसायला येत होतं आणि हसता येत न्हव्हतं.

२१ जानेवारी

प्रकरण वाढलं. बाईनं शेजारी सांगितलं, शेजाऱ्यांनी गॅरेजात. गुरुदासबाबनी स्वतः खोलीवर येऊन पाठीवर हात ठेवला, केरबा, म्हणाले. नावानं! संध्याकाळी चार-पाच जण येऊन बसले. चहा झाला. दादा कसा होता, घर कसं हाय, सगळं इचारलं. मीबी रंगवून सांगितलं. यष्टी स्टँडापास्नं डावीकडं वळायचं, फणसाचं झाड, निळं दार, आईला कमी दिसतं, नंदा हसताना तोंडावर हात धरते. सगळं खरं, दादा तेवढा खोटा.

पण फोटोला हार न्हाई, हे बाईच्या डोळ्यात आलं. मेलेल्या माणसाच्या फोटोला हार पाहिजे. मग मी बाजारातनं चंदनाच्या सालीचा हार आणला, घातला, काचेवर कुंकू लावलं.

माणसं गेल्यावर फोटोला म्हटलं, वाईट वाटून घेऊ नको गड्या. तुला कोण न्हाई न्हवं? जा आमच्या घरला. आई भाकरी घालंल. माझी जागा तशी रिकामीच हाय.

३० जानेवारी

घरचं पत्र. आई सांगते, नंदा लिहिते. सगळं ठीक, मांडवाचं बोलून ठेवलं. आणि खाली लिहिलंय, "दादा आलाय. बरं झालं बाई, घरात थोरलं माणूस आलं. आई लई खूश. शर्टाला बटण न्हव्हतं, आईनं लावून दिलं."

नंदा माझीच बहीण. गंमत करायला माझ्याकडनंच शिकली. पण मी तर घरी एक शब्द कळवला न्हाई. फोटोचं तर न्हाईच न्हाई.

कुणी सांगितलं हिला?

३१ जानेवारी

फोटो बघितला. उन्हात जनेलापाशी नेऊन बघितला.

बटण हाय. वरनं दुसरं. काळ्या दोऱ्यानं लावलेलं, पांढऱ्या शर्टावर. आईला दिसत न्हाई, ती सगळं काळ्या दोऱ्यानंच शिवते. आडवा टाका, उभा टाका, मधी गाठ.

ही गाठ माझ्या सगळ्या शर्टांवर हाय.

४ फेब्रुवारी

नंदाला लिहिलं, कोण माणूस हाय तो, घरात घेऊ नका, मी थोरला, मी एकटाच. पोस्टात स्वतः टाकलं.

हार काढून कपाटामागं फेकला. दुपारी जेवायला आलो तर परत फोटोवर. पद्मावतीबायला खरं सांगितलं. सगळं. विकत घेतलाय, दादाबिदा कोण न्हाई, गंमत केली. ती कणीक मळत होती. मळत राहिली. मग पंचपाळं घेऊन माझ्या बाजूनं गेली आणि फोटोला कुंकू लावलं.

माझ्याकडं बघितलं न्हाई. रागावली असंल.

९ फेब्रुवारी

गुरुदासबाबना लग्नाच्या सुट्टीचं बोललो. दोनदा. तिसऱ्यांदा ओरडून. ते दुसऱ्या पोराला सांगत होते, वायरिंगचं आता तूच बघ. चहाच्या गाड्यावर कोप माझ्यापुढं आला न्हाई. म्हशीचा हॉर्न चार वेळा दाबला. सगळ्यांनी ट्रककडं बघितलं. कुणी म्हणालं, केरबाचें काम तें. बरो भुरगो आसलो.

भुरगो म्हणजे पोरगा. आसलो म्हणजे होता.

होता?

११ फेब्रुवारी

खुर्ची रिकामी. फोटोत. मोडका हात दिसतोय, बसलेला न्हाई.

१३ फेब्रुवारी

घरचं पत्र आलं. माझ्या नावानं न्हाई. पद्मावतीबायच्या. तिनं शेजारच्या पोरीकडनं वाचून घेतलं, मी मागं उभा.

"आमच्या केरबाला तुम्ही शेवटी माया दिलीत. दादानं सगळं येऊन सांगितलं. त्याचं सामान असंल ते राहू द्या. नंदाचं लग्न मोडता येत न्हाई, दादा पुढं होऊन करतोय."

बाई रडली. माझ्यासाठी रडली. मी तिच्या खांद्याला हात लावला तर तिनं पदर ओढून घेतला, थंडी वाजल्यासारखा.

१४ फेब्रुवारी

चौकट घेऊन डिचोलीला. गोकुळदासच्या मेजावर आपटली. म्हाताऱ्यानं चमकून दाराकडं बघितलं, मग फोटो उचलला. भिंग लावलं. खाली आपली सही बघितली. हो कोण? म्हणाला. हाचो फोटो हांवें केन्ना काडलो, म्हणजे ह्याचा फोटो मी कधी काढला?

मी वाकून बघितलं.

खुर्चीत मी हाय. हात गुडघ्यावर. बघतोय असा की कुणीतरी हाक मारणार हाय.

मी कधी बसलोच न्हाई त्या खुर्चीत. मी कधीच—

२४ फेब्रुवारी

घरला निघालो. आईपुढं चौकट ठेवणार. म्हणणार, आये, हे बघ. कंडक्टरनं तिकीट फाडलं न्हाई. एक बाई माझ्या जागेवर बसायला लागली, मी सरकलो, मग आणखी एक. घाट उभ्यानं आलो.

भूक न्हाई. कालपास्नं न्हाई.

सराव मात्र चालू हाय. बोटं अजून चालतात.

२६ फेब्रुवारी

फणसाखाली मांडव. चौकट ओट्यावर ठेवली. आईला तीच सापडली. बाई गं, हे कुणी आणून ठेवलं, म्हणाली, आणि छातीला धरून खाली बसली. मी समोर. एका हातावर.

फोटो भिंतीला लावला त्यांनी. हारासकट.

दुपार

कान त्यानं पिळला. हळू. सगळे हसले, सुधीर पण. नंदानं तोंडावर हात धरला. पांढरा शर्ट, काळा दोरा. माणूस वाईट न्हाई वाटत. आईला आधार देऊन चालवतो. हेच लई—

मी पण पिळला. दुसरा कान. जीव खाऊन. सुधीरनं माशी वारल्यासारखा हात फिरवला.

एक गोष्ट राहिली. मिसरीची डबी. घेतली. हातात आली! माझ्या हातात हाय. आई कोनाडा चाचपतेय. न शोधताच ओरडली, केरबा, काढ बघू डबी.

नंदाचा हात तोंडावरनं खाली आला.

आई फोटोकडं आली. हाराला हात घातला. म्हणतेय, हार कुणी घातला गं माझ्या पोराला? आये, काढ. काढ तो.

तो आला. खुर्ची घेऊन आला, तीच, मोडक्या हाताची. माझ्यापुढं ठेवली. तो बघतोय मला. एकटाच बघतोय. तोंड नुसतं हलवलं—बस.

आईला म्हणाला, हार वाकडा झालाय, मी नीट करतो. आईनं हात काढला. म्हणाली, कर बाबा. तूच थोरला.

न्हाई. आये. थोरला मी. आये, डबी—हितं, बघ, हातात हाय—हाक मार, आणखी एकदा नुसती हाक म