चिलख्याची अंडी

१० मार्च, सोमवार
किशनरावचं मशीन आज पुन्हा मांजरा नदीत उतरलं. मागच्या उन्हाळ्यात यानंच आमच्या लिंगायत दफनभूमीखालची रेती काढली. श्रावणातल्या पुरात दरड कोसळली आणि शिवम्माची समाधी नदीत गेली. सात वर्षं मातीत बसलेली माझी बायको! तेव्हा चारचौघांत म्हणाला होता, "मेलेल्याला काय अण्णा, हिकडं बसलं काय अन् तिकडं काय." शब्द न् शब्द लक्षात आहे.
अर्ज करून झाले. त्याच्याकडं परवाना आहे.

१२ मार्च
वनरक्षक धम्मप्रियाबाई रस्त्यात भेटल्या. "रेतीवर पाखरांची घरटी असतील तर मी अहवाल पाठवते, काका. पिलं उडेपर्यंत मशीन बंद. पण कोणता पक्षी, किती अंडी, समोर दाखवावं लागेल."
आजवर टिटवी आणि बगळा सोडून पाखराचं नाव माहीत नव्हतं. शिकेन.

१५ मार्च
बाईंनी फोनवर चित्रं पाठवली. ऊन तापायच्या आत नदीवर. मुठीएवढा पक्षी — पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. चिलखा आहे हे नक्की. पण दोन जाती आहेत. एकीचा गळ्यातला काळा पट्टा पुढून तुटलेला, पाय काळे. याचा पट्टा अखंड. डोळ्याभोवती हळदीनं काढल्यासारखं कडं. म्हणजे कंठेरी चिलखा.

१८ मार्च
पळणाऱ्या पक्ष्यामागं जात होतो, तिथंच चुकत होतो. आज एका जागी बसून राहिलो. तासाभरानं मादी गुपचूप आली आणि रेतीवर टेकली. घरटं कसलं, वाटीएवढा खळगा. चार अंडी, रेतीच्याच रंगाची, तपकिरी ठिपके. दोन पावलं मागं सरलो तर दिसेनाशी झाली!
खुणेला काळा दगड ठेवला. तसले दगड तिथं शंभर. मग खिशातली विभूतीची गट्टी काढली आणि दगडावर तीन बोटं ओढली.
बाईंना फोन केला. पुढच्या मंगळवारी येते म्हणाल्या.

२३ मार्च
परवा त्याचं मशीन थांबेल. हे मागणं वाईट असेल तर असू दे, देवा.

२४ मार्च, सोमवार
व्यंकटी, म्हणजे किशनरावचं मशीन चालवणारा, वाटेत भेटला. हातात चप्पल. "अण्णा, नदीत देव निघालाय! सोमवारचाच निघाला बघा." माझाच दगड. मी पोचेपर्यंत बाया जमल्या होत्या. दगडावर पाणी, हळदकुंकू, फोडलेले नारळ. खोबऱ्यावर कावळे आलेले.
अंड्यांच्या जागी टरफलं.
दगड माझा आहे हे कुणाला सांगितलं नाही.

२५ मार्च
बाई आल्या. टरफलं पाहून म्हणाल्या, "यावर अहवाल होत नाही, काका." पण मशीन बंदच आहे. व्यंकटी हटून बसलाय. "देवावर बकेट मारू? मालक, तुमीच बसा सीटवर." दुसरा ड्रायव्हरही मिळेना.

३० मार्च
किशनराव घरी आला. श्रावणानंतर पहिल्यांदा. "विभूती तुमच्या लोकांची. तुमाला कळंल, अण्णा. कोण हाय तिथं?"
दगड माझा, एवढंच सांगायचं होतं. म्हणालो, "शिवम्मा."
तो उंबऱ्यावरच बसला. "वैनी?"
"तूच आणून सोडलंस तिला तिथं."
पाणी मागितलं त्यानं. दिलं. तांब्या रिकामा करूनच खाली ठेवला. मी बघत राहिलो.

३१ मार्च
पूजेला बसलो. तळहातावरच्या लिंगावर नजर ठरेना. डोळे मिटून पूजा आटोपली.

१० एप्रिल
चिलख्यांनी पुन्हा अंडी घातली. तीन. दगडापासून चार हातांवर. बायांची गर्दी ओसरलीय, कावळेही नाहीत. यावेळी खूण केली नाही. बाईंना कळवलं नाही. मशीन तर बंदच आहे.
रोज जातो. लांबूनच बघतो.

१९ एप्रिल
पारावर सगळ्यांसमोर किशनरावनं हात जोडले. "चुकलं माझं. वैनीचा ओटा त्या दगडापाशीच मी बांधून देतो, अण्णा. पक्का, सिमेंटचा. सोमवारी पाया काढू." कुणीतरी म्हणालं, पुरात टिकंल का? "दरसाल बांधीन," म्हणाला.
त्याची मान खाली होती. लई बरं वाटलं.

२१ एप्रिल, सोमवार
मशीन आलं. अंड्यांपासून लांब न्यायला चिलखी पंख मोडल्याचं सोंग करत त्याच्यापुढं घासटत पळत होती. व्यंकटी म्हणाला, "पाखरू लंगडं दिसायलंय." किशनरावनं पायानं दगडाभोवती रेतीत ओट्याची रेघ ओढली. तिन्ही अंडी रेघेच्या आत.
"हितंच ना, अण्णा?"
इथंच, म्हणालो.