खुनी डॉक्टरच आहे

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११.

आजपासून रोजनिशी. पुढे कोणी माझ्याबद्दल चुकीचं काही सांगू नये म्हणून लेखी पुरावा असलेला बरा.

शेजारच्या थिएटरचा मॅनेजर काल स्वतः पबमध्ये आला. सोडा प्यायला, दोन वाट्या शेंगदाणे संपवले आणि मग विषयाला हात घातला. आमच्या काउंटरमागचं जुनं दार थिएटरच्या पॅसेजमध्ये उघडतं. म्हणजे पूर्वी उघडायचं, आता कुलूप आहे. त्यांच्या कमिटीपुढे दोन गोष्टी आहेत. एक तर दार उघडून मध्यंतरात प्रेक्षकांना थेट आमच्याकडे सोडायचं. नाहीतर तिथे भिंत घालून पॅसेजमध्ये कॉफीचं मशीन बसवायचं. निकाल तीस तारखेला. अट एकच: इंटरनेटवर आमच्या पबला चार स्टार हवेत.

सध्या २.९ आहेत.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं. लोकांना बाहेर पडून, कोपरा वळून इथे यायला चार मिनिटं, परत जायला चार. उरलेल्या सातात माणूस पिणार काय आणि बोलणार काय? दार उघडलं तर अर्ध्या मिनिटात हजर. आणि भिंत झाली तर येतात तेही कॉफीला चिकटतील, मग आम्हाला शटरच ओढावं लागेल. हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, चार स्टार अगदी सोपे आहेत, तुम्ही मध्यंतरात फक्त स्वयंपाकघरात येऊन बसा.

स्वयंपाकघरात गरम किती होतं! तिथे बसून स्टार कसे वाढणार? बायकांना धंद्यातलं कळत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी.

लोकांची मतं आज पहिल्यांदाच नीट वाचली. एकूण चित्र उत्साहवर्धक.

‘बिअर थंड, शेंगदाणे ताजे, मालक बोलतात.’ तीन स्टार. तिन्ही गोष्टी खऱ्या, म्हणून तीन दिले असावेत.

‘शांतता असती तर बरं झालं असतं.’ दोन स्टार. बाहेरच्या ट्रॅफिकबद्दल आहे. पालिकेला पत्र लिहायला हवं.

‘मालकाने मध्यंतरातच सांगितलं की नवरा परत येत नाही. मग आम्ही दुसऱ्या अंकात कोणाची वाट बघायची?’ एक स्टार. हे मागच्या नाटकाबद्दल. म्हणजे बघा, कृतज्ञता नावाची गोष्टच राहिलेली नाही. माणसं मध्यंतरात येतात तेव्हा चेहरे कसे कावरेबावरे झालेले असतात. पुढे काय होईल, पुढे काय होईल. मी त्यांना शेवट सांगतो. डोक्यावरचं ओझं उतरलं की माणूस निवांत बसून अभिनय बघू शकतो. बावीस वर्षं ही सेवा चालू आहे आणि तीसुद्धा बिलात न लावता.

निश्चय: प्रत्येक मताला स्वतः उत्तर द्यायचं. सविस्तर.

५ नोव्हेंबर, बुधवार.

नवीन नाटक लागलं. खुनाचं आहे. स्टूल घेऊन दाराला कान लावून बसलो. बावीस वर्षांत शेजारचं एकही नाटक मी चुकवलेलं नाही, आणि एकाचंही तिकीट काढलेलं नाही. बघायची गरजच काय? खरं नाटक कानात असतं.

बाई मेली. घरात डॉक्टर, पुतण्या, त्याची बायको, वकील आणि चाकाच्या खुर्चीतली आत्या. आठ वाजायच्या सुमाराला डॉक्टर किंचाळला, ‘होय, मीच मारलं तिला!’ खणखणीत. त्यानंतर आमचं बर्फाचं नवीन मशीन सुरू झालं. मागच्याच आठवड्यात आणलंय, रोज आठला लागतं आणि ट्रक घरात शिरल्यासारखा आवाज करतं. शेवटची पंधरा-वीस मिनिटं ऐकू आली नाहीत. पण गुन्हा कबूल झाल्यावर उरतं काय? बेड्या आणि टाळ्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

मध्यंतरात अकरा जणांना सांगितलं. खुनी डॉक्टर. एका बाईंनी ग्लास तसाच ठेवला आणि निघून गेल्या. भारावून.

कोपऱ्यात प्रॉम्प्टरकाका बसलेले होते. थिएटरात चाळीस वर्षं नटांना पडद्यामागून वाक्यं पुरवली, आता रिटायर झालेत आणि रोज एका बिअरवर दोन तास काढतात. त्यांनी हळूच विचारलं, शेवटचा प्रवेश ऐकलात का? मी म्हटलं, काका, शितावरून भाताची परीक्षा करणारा माणूस आहे मी. ते नुसतेच हसले आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसरी बिअर मागवली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

एकाच दिवसात चार नवे एक-स्टार. सगळे सव्वासात ते साडेसातच्या दरम्यानचे, म्हणजे खुर्चीत बसून लिहिलेले. ‘या माणसाला आवरा.’ ‘नाटकाचा खून इथे होतो.’ सरासरी २.७.

चौघांनाही उत्तरं लिहिली. प्रत्येकी दीडेक पान. नाट्यशास्त्रापासून सुरुवात केली.

ही बहिणीला घेऊन नाटकाला गेली आहे. मला न विचारता. पबमध्ये कांदा कोण चिरणार?

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी.

हिचं काहीतरी बिनसलंय. काल नाटकाहून आली ती हसतच. तुम्ही लोकांना खुनी कोण म्हणून सांगताय, असं मला विचारलं. मी म्हटलं, डॉक्टर. तर मटकन खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मेहुणीही. शेवटी ही म्हणाली, सांगत राहा. अजिबात थांबू नका. स्वयंपाकघराचं मी बोलले ते विसरा.

बावीस वर्षांनी बायकोला नवऱ्याची किंमत कळली. देर आए पण आए.

९ नोव्हेंबर, रविवार.

चमत्कार!! शुक्रवारच्या चारपैकी तिघांनी आपली मतं बदलली. एकाने लिहिलंय, ‘नाटक संपल्यावर कळलं! काय बनवलंत हो मालक! दंडवत. पाच स्टार.’ दुसरा म्हणतो, ‘इतकं सरळ तोंड ठेवून? हा माणूस खरा नट.’ तिसऱ्याने नुसतेच पाच स्टार आणि हसरे चेहरे.

माझ्या उत्तरांचा परिणाम. दीड पान फुकट जात नाही. ‘काय बनवलंत’ म्हणजे उत्तर किती छान बनवलं, असं असणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

३.४. उत्तरं दोन-दोन पानांची केली.

काल एका गृहस्थांनी मध्यंतरात माझ्याशी हुज्जत घातली. म्हणे, डॉक्टर असूच शकत नाही, तो फार साधा वाटतो. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून शपथेवर सांगितलं, डॉक्टरच. नाटक सुटल्यावर ते धावत परत आले, मला मिठी मारली आणि सबंध टेबलाला बिअर पाजली. चूक कबूल करायला मोठं मन लागतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

३.८! आता लोक मुद्दाम येऊन विचारतात, मालक, खुनी कोण? मी सांगतो. ते एकमेकांकडे बघून खिदळतात. दुसऱ्यांदा नाटक बघायला आलेले पहिल्यांदा आलेल्यांना ओढत माझ्यासमोर आणून उभे करतात. प्रसिद्धीचा त्रास म्हणतात तो हाच.

हिने दाराच्या बिजागरांना तेल घातलं. न सांगता. कुलुपावरची धूळही पुसली. दार उघडलं की तिथे छोटा पडदा लावायचा, मोरपंखी, असं म्हणत होती. कितीतरी दिवसांनी गुणगुणत काम करत होती. मलाही बरं वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू.

२० नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ४.

४.१. चार पूर्णांक एक!!!

मॅनेजर आला, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाला, तुमच्यासारखा शेजारी नशिबाने मिळतो, सगळी नटमंडळी तुमच्यावर खूश आहेत. कमिटीचं जवळपास ठरलंय, म्हणाला. आणि कृतज्ञता म्हणून उद्याच्या प्रयोगाचा पास दिला. पहिली रांग.

हिला दाखवला तर हिचा चेहराच उतरला. जाऊ नका म्हणाली. का, तर गुडघे दुखतील. मग म्हणाली, खुर्च्या अरुंद आहेत. मग म्हणाली, तीस तारखेनंतर जा, मी स्वतः तिकीट काढून देते. मला सगळं समजलं. नाटकात पुतण्याच्या बायकोचं काम करणारी नटी फार देखणी आहे असं ऐकतो. चोराच्या मनात चांदणं! पण मी कुठे चोर आहे?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी २.

पास सापडत नाही.

सायंकाळी ५. सापडला. शेंगदाण्यांच्या डब्याच्या तळाशी. ही म्हणते, तिथे कसा गेला कोण जाणे. प्रॉम्प्टरकाकांनीही आज मला अडवलं. म्हणाले, मालक, चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, काही नाटकं बाहेरूनच चांगली दिसतात. सगळे माझ्या वाईटावर का टपलेत? निघालो.

२२ नोव्हेंबर, शनिवार. पहाटे ५.

झोप नाही.

आत्या. आत्या आहे. चाकाच्या खुर्चीतून उठली. उठून चालत आली! सगळं थिएटर हादरलं. डॉक्टरने नुसता तिला वाचवायला गुन्हा कबूल केला होता.

पंधरा दिवस. रोज अकरा, पुढे पुढे तीस-चाळीस माणसं. मी त्यांना चुकीचं सांगितलं. हात खांद्यावर ठेवून. शपथेवर. आणि त्या बिचाऱ्यांनी तरीही पाच-पाच स्टार दिले, मोठ्या मनाने. बावीस वर्षांची अब्रू!

निश्चय: चुकीची दुरुस्ती. आजच. हिला सांगायचं नाही, नाहीतर आडवी येईल.

सायंकाळी ५. दाराबाहेर ‘आजचे खास’चा फळा असतो, तिकिटाच्या रांगेतून अगदी स्वच्छ दिसतो. पुसून मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘जाहीर दुरुस्ती. खुनी डॉक्टर नाही. आत्या आहे. तिला चालता येतं. कळावे, मालक.’ खाली दोन रेघा. मन हलकं झालं.

२३ नोव्हेंबर, रविवार.

३.९. नेटवर्कचा काहीतरी घोटाळा आहे.

काल ही फळा पुसायला धावली तेव्हा पहिली घंटा होऊन गेली होती. रांगेतले सगळे आत गेले होते, वाचून. हिने मला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. लोक का चिडायचे, घरी जाताना का हसायचे, कशासाठी मिठ्या मारायचे. मी म्हटलं, म्हणजे गेले पंधरा दिवस तू मला खोटं बोलू दिलंस? ती म्हणाली, अहो, तुम्ही खोटं कुठे बोलत होतात, तुम्हाला खरंच वाटत होतं, त्यातच तर मजा होती.

हिचा सिद्धांत मला पटलेला नाही. लोकांना सत्यच आवडतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

हिच्या हट्टाखातर मध्यंतरात पुन्हा डॉक्टर म्हणून बघितलं. ओठ थरथरले, कान लाल झाले. एक पोरगी म्हणाली, काका, तुम्हाला खोटं बोलता येत नाही, म्हणजे आत्याच ना? सगळे ओरडले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.

३.३. फळ्याचा फोटो शहरभर फिरतोय. थिएटरचे पुढचे तीन प्रयोग अर्धे रिकामे आहेत म्हणे. उत्तरं लिहायला बसलो. हिने फोन काढून घेतला.

३० नोव्हेंबर, रविवार.

मॅनेजर आला. सोडा नको म्हणाला. शेंगदाण्यांना हातही लावला नाही. मला एवढंच विचारलं की तुम्ही हे मुद्दाम करत होता ना, आधीचं? म्हणाला, कमिटीत मी सगळ्यांना सांगितलं होतं, हा माणूस आमच्या नाटकातलाच एक नट आहे. मी खरं काय ते सांगितलं. तो दाराकडे एकदा बघून उठून गेला.

३ डिसेंबर, बुधवार.

भिंत झाली. गवंड्याला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. ही तेलाची बुधली फडताळात ठेवायला गेली आणि तिथेच थोडा वेळ पाठमोरी उभी राहिली. मी हाक मारली नाही.

१० डिसेंबर, बुधवार.

नवीन नाटक लागलं. स्टूल घेऊन भिंतीला कान लावला. काही नाही. कॉफीच्या मशीनची घरघर तेवढी. बर्फाचं मशीनही बंद केलं, तरी काही नाही. हिने स्टूल उचलून काउंटरपुढे आणून ठेवलं आणि म्हणाली, बसा इथे, माणसं दिसतील तरी.

मध्यंतरात पाचच जण आले. एका तरुणाने विचारलं, काका, पुढे काय होतं हो? मी म्हटलं, मला माहीत नाही. बावीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघालं. तो छान हसला आणि शेजारी बसून त्याला काय वाटतं ते सांगत राहिला. मी ऐकलं.

११ डिसेंबर, गुरुवार.

सकाळी हिने फोन पुढे धरला. त्या तरुणाचं मत आलंय. ‘बिअर थंड, शेंगदाणे ताजे. मालकांना नाटकातलं काही कळत नाही. बसायला फार बरं वाटलं.’ पाच स्टार.

उत्तर लिहिलं नाही.