भावाच्या वाट्याचं पाणी

आये, तुझा तांब्या काल मी स्वयंपाकघरातून काढला. माझ्या नातीचे हात लिहिताना कापायला लागले म्हणून तिला पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी तिच्या डोळ्यांवर उजेड पाडून पाहिलं, रक्त तपासलं आणि सांगितलं की काही जणांच्या शरीराला खाल्ल्याप्यालेलं तांबं बाहेर टाकता येत नाही. ते आधी यकृतात साठतं, मग मेंदूत. आई आणि बाप दोन्हीकडून आलं तरच हे होतं म्हणे. तू आतेभावाच्या घरात नांदायला आलीस आणि मीही सून माहेरचीच केली, आपल्याकडे हीच रीत. आता यावर गोळ्या आहेत, पोरगी बरी राहील, तू काळजी करू नकोस. पण डॉक्टरांनी विचारलं, माहेरी आणखी कुणाला असं काही होतं का, आणि मी म्हटलं, माझ्या थोरल्या भावाला.

दादाचं पहिल्यांदा लक्षात आलं ते आपल्या वडिवळ्याच्या खाचरात, भाताची लावणी चालू असताना. रोपं त्याच्या बोटांतून निसटत होती आणि बायका हसत होत्या. मग डोळे पिवळे झाले, जीभ जड झाली, अंगारे-धुपारे झाले, काढे झाले. शेवटी कामशेतच्या कुणीतरी लोणावळ्याच्या गुरुजींचं सांगितलं. एका बंगल्यामागच्या खोलीत ते आसनं शिकवायचे आणि माती-पाण्यानं माणसं बरी करायचे. तू भाताची कापणी चुलत्यांवर सोपवलीस, दादाला आणि मला घेऊन गाडीत बसलीस आणि दोन महिने त्या गारठ्यात भाड्याच्या खोलीत राहिलीस. गाव सोडून कुठं एक रात्र न काढलेली तू.

गुरुजी भला माणूस होता, हे आजही म्हणते. पोटावर ओल्या मातीची पट्टी, पाठीवर निजून गुडघे पोटाशी घ्यायचे, तेल-तिखट-मीठ बंद, आंबेमोहोराची पेज, दूध आणि फळं. दादाला ते मानवत होतं. आणि रोज उठल्या उठल्या, रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी. आत कल्हई नको, निव्वळ तांबं पाहिजे, असं त्यांनी बजावलं होतं. तुझ्या लग्नातल्या तांब्याला आतून कल्हई होती. मला अजून दिसतेस तू, उंबऱ्यात बसलेली, विटेचा भुगा आणि चिंच घेऊन आतली कल्हई खरवडतेस. हात आत जात नाही म्हणून काथ्या काडीला बांधलास. बोटं सोलून निघाली तरी उठली नाहीस. संध्याकाळी आतून लालभडक झालेला तांब्या तू आम्हाला दाखवलास, आणि इतकी खूश तू मला पुन्हा कधी दिसली नाहीस.

दादाला ते पाणी जाईना. उलटी येते म्हणायचा. तू चुलीकडे वळलीस की तांब्या माझ्याकडे सरकवायचा. "पी गं तू. आयेला सांगू नगस." मी दहा वर्षांची, मला त्याचं गुपित राखायला मिळतंय याचाच आनंद. घटाघट पिऊन टाकायची. दोन महिने त्याच्या वाट्याचं पाणी मी प्याले. त्याच दिवसांत एकदा त्यानं बंडीचे बंद आपल्या हातानं बांधले आणि तू गुरुजींच्या खोलीकडे बघून हात जोडलेस. पाण्यानं गुण आला म्हणालीस.

मग गावी परतायच्या आठवड्यात एका सकाळी तू मागं वळून पाहिलंस. तांब्या माझ्या तोंडाला होता. तू मारलं नाहीस, ओरडलीही नाहीस. "भावाचं औषद प्यालीस व्हय गं? आता त्यानं काय प्यायचं?" एवढंच. त्या दिवसापासून तू स्वतः त्याच्या तोंडाला तांब्या लावायचीस. तो माझ्याकडे बघत प्यायचा. वडिवळ्याला परतल्यावरही तू एक दिवस चुकवला नाहीस. पुढच्या वर्षी, भाताची झोडणी चालली होती तेव्हा, तो गेला.

त्यावरून तू मला पुन्हा कधी बोलली नाहीस. फक्त एकदा, भांडी घासताना, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "दोन महिनं वाया गेलं त्याचं." मी शिकले, मास्तरीण झाले, तुझं शेवटचं दुखणं काढलं, पण ते दोन महिने माझ्या मानेवरून उतरले नाहीत. दादाला मी मारलं, असं मी जन्मभर धरून चालले. माझ्या पोरांना ताप आला की मी त्यांच्या ताटातलं उष्टंसुद्धा खात नसे.

आणि परवा डॉक्टर म्हणाले की ते पाणी त्याला द्यायलाच नको होतं. त्यानंच गेला असं नाही, त्या काळी औषधच नव्हतं, पण नको होतं. म्हणजे वाया गेले ते दोन महिनेच काय ते बरे गेले. हे तुला सांगायला मी कागद घेऊन बसले, आये. पंचावन्न वर्षांनी मला तुझ्यासमोर मान वर करून म्हणायचं होतं की माझं काही चुकलं नव्हतं. पण ते लिहायचं तर पुढच्या ओळीत तुझी सोललेली बोटं येतात. तो तांब्या कुणी खरवडला, त्याच्या तोंडाला कुणी लावला, हे येतं.

तुला वाचता येत नव्हतं. गावी परतल्यावर गुरुजींची कार्डं यायची, ती मीच तुला वाचून दाखवायची. हेही मलाच वाचावं लागलं असतं. मी तुझ्या बोटांची ती ओळ गाळली असती, आणि मग बाकी सांगण्यासारखं काहीच उरलं नसतं. तेव्हा राहू दे. दोन महिने वाया गेले, आणि ते माझ्यामुळे गेले, असंच राहू दे. मला त्याची सवय आहे. तू असतीस तर मी एवढंच म्हटलं असतं की पेज कर, मला भूक लागलीय.

फक्त एक. डॉक्टर बोलले तेव्हा मला आधी तू आठवली नाहीस, दादाही आठवला नाही. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. तू नंतर आठवलीस, दवाखान्याबाहेर बाकावर बसल्यावर.